देवाचे धन आणि लेकराचा देह

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. हैदराबादेत मे महिन्यात सकाळचे आठ वाजले की मंदिराचे अंगण तापू लागते. म्हणून हिशेबाचे काम आम्ही दोघे-तिघे सकाळच्या आरतीनंतर लगेच उरकून घेतो. त्या दिवशी मी पावतीपुस्तक आणि कायम निधीची वही पुढे घेऊन सभामंडपाच्या कोपऱ्यात बसलो होतो. एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या पाठीवर तिच्या अंगाला न पेलणारी रॅकेटची पिशवी होती आणि उजव्या गुडघ्याला घट्ट पट्टी आवळलेली होती. बाईंनी गुरुजींच्या हाती श्रीफळ दिले आणि शनिवारचा सामना निर्विघ्न पार पडावा म्हणून गाऱ्हाणे घालायला सांगितले. गुडघा महिनाभर दुखतो आहे, पण या वेळची निवड हुकली तर सारे वर्ष वाया जाईल, असे त्या म्हणाल्या. शेजारी वाती वळत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मुलीला जवळ घेऊन विचारले, "दुखता गे बाय?" मुलीने आधी आईकडे पाहिले आणि मग उत्तर दिले, "ना."

गुरुजींनी गाऱ्हाणे घातले. मी पावती फाडली. मायलेकी तीर्थप्रसाद घेऊन निघून गेल्या. परंतु उत्तर देण्यापूर्वी त्या मुलीने आईकडे टाकलेली ती नजर माझ्या मनातून गेली नाही. गुडघा तिचा, दुखणे तिचे. मात्र तो पणाला लावावा की न लावावा, हे ठरविणारे आम्ही सगळे प्रौढ होतो. आई, कुठला तरी प्रशिक्षक, गाऱ्हाणे घालणारे गुरुजी आणि मुकाट्याने पावती फाडणारा मी. हा अधिकार आम्हांला कोणी दिला, आणि त्याची मर्यादा कोणती, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. त्याचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या नगरीत हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवावा, हे स्वाभाविकच आहे. बॅडमिंटनच्या खेळात हैदराबादने देशाला जे दिले, ते क्वचितच दुसऱ्या शहराने दिले असेल. सायना नेहवाल हिने २०१२ साली ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, तर पी. व्ही. सिंधू हिने २०१६ साली रौप्यपदक आणले. या दोघींना घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या पुल्लेला गोपीचंद यांची कथा तर येथील घराघरांतून सांगितली जाते. १९९४ साली पुण्यात दुहेरीचा सामना खेळत असताना त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. शस्त्रक्रिया झाल्या, बरीच वर्षे झगडण्यात गेली, आणि २००१ साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. कोंकणी घरातील प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली ती जिंकल्यानंतर दुसऱ्या कोणा भारतीयाला तोवर तो मान मिळाला नव्हता. त्यांची गचीबावलीची अकादमी आज अनेक आईबापांच्या स्वप्नांचे ठिकाण झाली आहे.

ही कथा खरी आहे आणि थोरही आहे. तथापि ती सांगताना आपण दोन गोष्टी विसरतो. ज्या वेळी तो गुडघा मोडला, त्या वेळी गोपीचंद विशीत होते. ते हाड आणि तो निश्चय पुरता वाढलेल्या माणसाचा होता. दुसरी गोष्ट अशी की, मोडून पुन्हा उभा राहिलेला एक आपल्याला दिसतो. मोडला आणि उठलाच नाही, अशा शेकडोंचे चरित्र कोणी लिहीत नाही. सिंधू हिने २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक पायाच्या हाडाला तडा गेलेला असताना जिंकले आणि त्यापायी त्याच महिन्यातील जागतिक स्पर्धा तिला सोडावी लागली. सायना हिने २०२४ साली स्वतःच सांगितले की, तिच्या गुडघ्याची कूर्चा झिजली असून तिला संधिवात जडला आहे. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. या दोघी सुजाण, स्वतंत्र स्त्रिया आहेत. आपल्या देहाचे काय करावे, हे त्यांनी जाणतेपणी ठरविले आणि त्याचे मोलही त्यांनीच दिले. त्याबद्दल आपण नतमस्तकच व्हावे. पण बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हाच न्याय लावता येईल काय?

तो लावता येत नाही, याचे पहिले कारण शरीरातच आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची लांबी वाढते ती तेथून. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयांत तो थर हाडात परिणत होऊन मिटतो. तोपर्यंत सांध्याजवळचा सर्वांत दुबळा भाग तोच. ज्या धक्क्याने प्रौढाचा अस्थिबंध ताणला जाईल, त्याच धक्क्याने मुलाचा हा थर दुखावतो. आणि तो फार दुखावला तर त्या हाडाची पुढची वाढच वाकडी किंवा खुंटलेली होऊ शकते. अपघाताने होणारी इजा निदान डोळ्यांना दिसते. तीच उडी, तोच फटका, तोच झोक वर्षाचे बारा महिने घेतल्याने जी झीज होते, ती कोणाला दिसत नाही. म्हणून बालवैद्यांचा सल्ला असा आहे की, आठवड्यातून एक-दोन दिवस मुलाला पूर्ण विश्रांती असावी. वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांनी का होईना, त्या एका खेळापासून त्याला दूर ठेवावे. आणि सरावाचे आठवड्याचे तास त्याच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत. बारा वर्षांच्या मुलीला बारा तास. आपल्याकडच्या किती शिबिरांना हे माप लावता येईल, हे ज्याने त्याने पाहावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच परंपरेच्या नावाने येतो. तपावाचून सिद्धी नाही; अंगाला चटके बसल्यावाचून कोण मोठा झाला, असे विचारले जाते. आक्षेप पोकळ नाही. श्रम, घाम, पराभव आणि कंटाळा यांवाचून कोणतीही विद्या येत नाही, आणि मुलाला या साऱ्यांपासून वाचविणारा पालक त्याचे अहितच करतो. पण तप म्हणजे काय, हे त्याच परंपरेला विचारले पाहिजे. शरीर हे धर्माचे आद्य साधन होय, या अर्थाचे कालिदासाचे वचन आपल्या कित्येक व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगविलेले असते. ते वाचून तरुण जोर-बैठकांना लागतात. परंतु ते वचन कोणी कोणाला म्हटले, याची आठवण फार थोड्यांना असते. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती घोर तप करीत आहे. तिच्याकडे बटूच्या वेषात शिव येतात आणि विचारतात, तू हे तप आपल्या शक्तीच्या बेताने करीत आहेस ना? त्या विचारपुशीला जोडूनच शरीराविषयीचे ते वचन येते. म्हणजे आपण ज्याला व्यायामाची घोषणा मानतो, ती मुळात शक्तीबाहेर तप करणाऱ्या एका तरुण मुलीची काळजीने केलेली चौकशी आहे. आणि ती कोणी केली? ज्याच्यासाठी ते तप चालले होते, त्यानेच! गीतेच्या सतराव्या अध्यायातही हट्टाला पेटून स्वतःला पीडा देत केलेल्या तपाला तामस ठरविले आहे. वाग्भटाने तर बलवान माणसालाही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करण्यास सांगितले. अति करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू जाऊन नाश पावणाऱ्या सिंहाची उपमा दिली. तेव्हा संयमाचा हा आग्रह परदेशी वैद्यांनी आपल्यावर लादलेला नाही. तो आपल्याच घरातला आहे; आपण तो अडगळीत टाकला, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मूल स्वतःच खेळू पाहते, त्याला कोणी जबरदस्ती करीत नाही, मग पालकांचा दोष कोणता? येथे मला अभिमन्यू आठवतो. चक्रव्यूह भेदण्याचे काम युधिष्ठिराने त्याच्यावर सोपविले, तेव्हा त्याने काही लपविले नव्हते. आत शिरणे मला येते, संकटात बाहेर पडणे येत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. आम्ही तुझ्या मागोमाग येतोच, असे वडीलधारे म्हणाले आणि तो आनंदाने रथावर चढला. त्याची संमती पूर्ण होती. उत्साह तर विचारूच नका. तरीही त्याच्या मृत्यूनंतर युधिष्ठिर त्या संमतीचा आधार घेत नाही. जेवणात, वाहनात, शय्येत ज्याला आपण पुढे करावयाचे, त्या बालकाला आपण युद्धात पुढे केले, असा त्याचा विलाप आहे. अभिमन्यूचे शौर्य आपण मुलांना शिकवितो. युधिष्ठिराचा पश्चात्ताप मात्र मोठ्यांना शिकवीत नाही. बालकाचा होकार खरा असतो, पण तो त्याने आपल्याला अर्पण केलेला असतो. ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे आणि ज्याच्या धाकात ते आहे, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते होकार देते. मंदिरातल्या त्या मुलीचे 'ना' हे असेच होते.

मग पालकाचा अधिकार कोणत्या जातीचा? माझ्यापुरते उत्तर मला त्या दिवशी पुढ्यात पडलेल्या वहीतच सापडले. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्यांना हे ठाऊक असते की, देवाची मिळकत ही पुजाऱ्याची नव्हे, महाजनांची नव्हे, समितीचीही नव्हे. आपल्या न्यायालयांनी देवमूर्तीला स्वतःच्या नावे मिळकत धारण करणारी व्यक्ती मानले आहे. परंतु देव स्वतः सही करीत नाही, तक्रार करीत नाही, म्हणून त्याच्या मिळकतीचे रक्षण अज्ञान बालकाच्या मिळकतीप्रमाणे करावे, असा दंडक आहे. कारभारी हा पालनकर्ता. त्याने उत्पन्नातून नैवेद्य, दिवाबत्ती, उत्सव हे सारे थाटाने करावे. पण मुद्दलाला हात लावू नये. आणि ज्या व्यवहारात त्याचा स्वतःचा लाभ आहे, त्याचा निर्णय त्याने एकट्याने करू नये.

कायद्याने देवाला बालकाची उपमा दिली. आपण ती उलटी करून पाहू. बालकाचा देह ही देवाची मिळकत मानली, तर आईबाप आणि गुरू हे तिचे विश्वस्त ठरतात. रोजचे बळ, रोजचा उत्साह, एका झोपेने भरून येणारा थकवा हे व्याज. ते मुक्तहस्ते खर्च करावे. सांधे, कणा, मेंदू, डोळे आणि वाढ हे मुद्दल. ते पुढे चाळीस-पन्नास वर्षे त्या माणसाला पुरावयाचे असते, आणि ते कसे खर्चावे हे ठरविण्याचा अधिकार त्याला सज्ञान झाल्यावरच मिळतो. तो येईपर्यंत ते शाबूत राखणे, एवढेच आपले काम. शनिवारच्या चषकासाठी गुडघा लावणे म्हणजे एका उत्सवासाठी देवाची जमीन विकण्यासारखे आहे. उत्सव देखणा होईल. पण पुढच्या वर्षी नैवेद्याला तांदूळ कोठून येतील?

विश्वस्ताच्या लाभाचा जो दुसरा नियम सांगितला, तो तर क्रीडांगणावर अधिकच लागू पडतो. मुलाच्या विजयात प्रशिक्षकाची कीर्ती असते, शाळेचे नाव असते, आईबापांचा खर्च वसूल होण्याची आशा असते. श्रीमंती पाठीशी नसेल तर मुलांना खेळाच्या मार्गाला लावू नका, असे खुद्द गोपीचंद यांनीच २०२५ साली मध्यमवर्गीय आईबापांना बजावले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. त्या उद्गारांचा रोख पैशाकडे आणि पुढच्या चरितार्थाकडे होता. पण माझ्या मते त्यात आपल्या विषयाचेही मर्म आहे. ज्या घराने शाळा, बचत आणि भविष्य हे सारे एकाच पारड्यात टाकले, त्या घरातले मूल दुखते असे म्हणू शकत नाही. ते दुष्ट आईबापांमुळे गप्प बसत नाही. प्रेमळ आईबापांनी फार काही सोसले आहे, हे त्याला कळते, म्हणून गप्प बसते.

म्हणूनच शहाण्या समाजांनी हा निर्णय ऐन भराच्या क्षणी आणि लाभार्थ्यांच्या हाती ठेवला नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड या तेरा वर्षांच्या मुलाचे डोके अमेरिकन फुटबॉल खेळताना आपटले. थोड्या वेळाने तो पुन्हा मैदानात उतरला, आणि सामना संपताच मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळला. त्याचा जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. २००९ साली त्या राज्याने कायदा केला की, मेंदूला हादरा बसल्याचा संशय येताच मुलाला खेळातून बाहेर काढावे आणि अधिकृत वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी परवानगी दिल्यावाचून परत घेऊ नये. २०१४ पर्यंत तेथील सर्व पन्नास राज्यांत या प्रकारचे कायदे झाले. तेथील मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून वयाप्रमाणे चेंडूफेकीची संख्याच ठरवून दिली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात पंच्याऐंशीहून अधिक चेंडू फेकावयाचे नाहीत, मग सामना कितीही रंगात येवो. नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना दर सरावापूर्वी वीस मिनिटे तोल, उडी आणि स्नायूंचे ठरावीक व्यायाम दिले, तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. यांत खर्चिक असे काय आहे?

आणि हे आपल्याला नवे तरी कोठे आहे? जुन्या तालमीत पाऊल टाकताच मारुतीला नमस्कार करावयाचा आणि मग हौद्यातली लाल माती खणून भुसभुशीत करावयाची, हा शिरस्ता. त्या मातीत तेल, ताक, हळद घालीत. नव्या पोराला प्रथम माती खणण्याचेच काम मिळे. त्यात त्याचे अंग तापे आणि पडणाऱ्याला मऊ जागाही मिळे. कोणाची जोड कोणाशी लावावयाची, हे वस्ताद ठरवी. त्याने थांब म्हटले की थांबावयाचे. दुखापतीचे निवारण हा तेथे वेगळा विषय नव्हता, तो आचाराचाच भाग होता. आज माती गेली, सिमेंट आले, दिव्यांच्या प्रकाशात रात्रीचे सराव आले. पण माती खणणाऱ्याची आणि थांब म्हणणाऱ्याची जागा रिकामी राहिली.

दुसऱ्यांच्या मैदानांविषयी इतके बोलल्यावर आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. गोकुळाष्टमीचा काला हा आपला उत्सव. आपले तेलुगू शेजारीही त्या दिवशी उट्टी फोडतात. महाराष्ट्रात या उत्सवाचे थर वाढत गेले, बक्षिसांच्या रकमा वाढल्या, आणि सर्वांत वर कोणाला चढवावयाचे, तर जो सर्वांत हलका त्याला, म्हणजे सर्वांत लहान मुलाला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बंधन सैल करण्यास नकार दिला. पुढे २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना घेणार नाही, अशी हमी राज्य शासनाने दिली आणि उंचीचा प्रश्न न्यायालयाने विधिमंडळावर सोपविला. यावर धर्मात हस्तक्षेप झाल्याची ओरड झाली. मला त्या वेळी वाटले, आणि आजही वाटते, की ही वेळ आपण न्यायालयावर येऊ द्यावयास नको होती. ज्या बाळकृष्णाच्या नावाने आपण हंडी बांधतो, त्याला यशोदेने काय काय करू दिले नसते, याचा विचार केला असता तरी पुरे होते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. मुद्दल राखायचे म्हणून मंदिराला कुलूप लावणारा विश्वस्त शहाणा ठरत नाही. गुडघा फुटेल म्हणून मुलाला घरात कोंडणे, हे त्याच वर्गातले पाप आहे. न खेळणाऱ्या देहालाही झीज असते. ती उशिरा दिसते, एवढेच. पडावे, खरचटावे, हरावे, घामाने निथळावे. हे सारे व्याजातून होते. आपल्याला फक्त एवढे ठरवावयाचे आहे की, ज्या मैदानाशी आपला संबंध आहे, तेथे विजयात ज्याचा वाटा नाही असा एक माणूस असावा आणि त्याच्या थांब या शब्दाला प्रशिक्षकानेही मान द्यावा. ऊन चढण्यापूर्वी सराव संपावा आणि पाण्याला नकार नसावा. विश्रांतीचा दिवस एकादशीसारखा पाळला जावा. आणि दुखते का, हे मुलाला एकट्याला, आईबापांच्या नजरेआड विचारावे.

त्या बाईंना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या तरी लेकीसाठी देवाच्या दारात आल्या होत्या. दोष माझा आहे. देवाच्या मुद्दलातले शंभर रुपये कोणी इकडचे तिकडे केले असते तर मी जागच्या जागी हरकत घेतली असती. समोर एक लेकरू आपले मुद्दल मोडून देत होते, आणि मी पावती फाडून मोकळा झालो. ती मुलगी शनिवारी जिंकली की हरली, हे मला कळले नाही. पण त्या वहीत जमाखर्च मांडताना अजूनही हात थबकतो, कारण तिच्या त्या 'ना'चा हिशेब माझ्याकडे बाकी आहे.